येतो म्हणून गेलेला मुलगा

एक घर डोळ्यांसमोर आणा. घराला दार एकच. दारात एक म्हातारा राखणदार बसला आहे. आत दोन खोल्या आहेत आणि दोन्हींत एकेक माणूस गाढ झोपलेला आहे. गंमत अशी, की दोघांचं नाव एकच. तुम्ही दार वाजवलंत की राखणदार आपली पाटी पुढे करतो आणि विचारतो, "यातल्या कुणाला उठवू?" तुम्ही ज्या नावावर बोट ठेवाल तो उठतो, दुसरा झोपून राहतो. दोघे एकाच वेळी कधीच जागे नसतात. त्यामुळे शेजारच्या खोलीत आपल्याच नावाचा आणखी कुणी आहे, याचा एकालाही पत्ता नसतो.

दिसलं का घर? ते घर म्हणजे कॉम्प्युटर. झोपलेली माणसं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, जी जागी झाल्याशिवाय कॉम्प्युटर म्हणजे नुसता पत्रा आणि काच. खोल्या म्हणजे त्याच्या डिस्कचे पाडलेले भाग. आणि राखणदार म्हणजे एक अगदी छोटा प्रोग्रॅम. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तो जागा होतो, पाटी दाखवतो, एकाला हाक मारतो आणि बाजूला होतो.

आता एक प्रश्न. पाटीवरचं नाव पुसलं, तर आतला माणूस नाहीसा होतो का?

थांबा, लगेच उत्तर देऊ नका. चैत्राली चौगुलेनेही घाईच केली होती.

चैत्रालीची गोष्ट तुमच्या काळाच्या थोडी पुढची आहे, तुम्ही मोठे व्हाल आणि तुमची मुलं शाळेत जाऊ लागतील तेव्हाची. तेव्हा बऱ्याच मुलांकडे एक सोबती असे. सोबती दिसायला जेवणाच्या डब्याएवढी पेटी; वर छोटा पडदा, बाजूला जाळी, जाळीतून आवाज. पण पेटी म्हणजे सोबती नव्हे. सोबती म्हणजे त्या पेटीत राहणारी ऑपरेटिंग सिस्टिम. मूल चार वर्षांचं झालं की ती त्याच्याशी बोलू लागे, त्याच्याकडून शिके, त्याला शिकवी. बेरीज कुठे अडते, भीती कशाची वाटते, कोणत्या विनोदाला हसू येतं, हे तिला हळूहळू कळत जाई. त्यामुळे दोन मुलांचे सोबती कधीच सारखे नसत.

सोबतीवर काही नियम घातलेले होते. पहिला असा, की त्याने फक्त आपल्या मुलाचं ऐकायचं. घरातली मोठी माणसं काय बोलतात तिकडे कान द्यायचा नाही. दुसरा नियम जरा वेगळा होता. आपलं मूल मुलगा आहे की मुलगी, हे सोबतीला कुणी सांगायचं नाही. पूर्वी सांगत असत, तेव्हा सोबती मुलींना भातुकली दाखवायचे आणि मुलांना इंजिनं. म्हणून ठरलं, की मूल स्वतः जे बोलेल त्यावरूनच त्याने समजून घ्यावं. मराठीत ते अवघड नाही. "मी जेवलो" म्हणालं तर मुलगा, "मी जेवले" म्हणालं तर मुलगी. आणि तिसरा नियम सगळ्यात कडक. बोलणारं मूल आपलंच आहे अशी खात्री नसेल, तर एका मुलाचं गुपित दुसऱ्यापाशी उघडायचं नाही. नाव सांगूनही नाही. नाव काय, कुणीही सांगू शकतं.

चैत्राली मोशीला राहत होती, एका उंच इमारतीत, आईबरोबर. आई चाकणच्या बॅटरी कारखान्यात इंजिनिअर होती. बाबांची फौंड्री कोल्हापुरात, ते शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे परत जात. दोन वर्षांपूर्वी आईला ही नोकरी लागली तेव्हा मायलेकी कोल्हापूरचं मोठं घर सोडून इकडे आल्या. ते घर थोरल्या काकांचं आणि बाबांचं एकत्र होतं, आणि त्यात चैत्रालीच्याच वयाचा एक चुलतभाऊ होता, इंद्रजित.

नव्या शाळेतला पहिला दिवस चैत्राली विसरली नव्हती. बाईंनी ओळख करून द्यायला सांगितली तेव्हा ती उठून म्हणाली, "मी नवीन आलोय, कोल्हापुरातनं."

"आलोय?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "मग मुलांच्या रांगेत उभी राहा ना."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी ओठ घट्ट मिटले, आणि ते चैत्रालीला दिसलं. त्या सुट्टीत आणि पुढच्या कित्येक सुट्ट्यांत तिने मनातल्या मनात घोकलं, आले, गेले, जेवले, येते, जाते. आता चूक होत नव्हती. झाली तर आईचीच व्हायची. आई कारखान्यातून आली की दारातूनच म्हणायची, "आलो गं," आणि चैत्राली आतून ओरडायची, "आई, आले म्हण."

"बरं बाई, आले," आई म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो.

त्या शुक्रवारी शाळेतून आल्यावर चैत्रालीने सोबतीचं बटण दाबलं. रोज राखणदार न विचारताच सोबतीला उठवी आणि लगेच आवाज येई. आज आला नाही. पडद्यावर एक पाटी उभी राहिली.

"नवी आवृत्ती बसवायला जागा पुरत नाही. या पेटीत दोन सोबती आहेत. नको असलेला काढून टाका. उद्या सकाळी मोकळ्या जागेत नवी आवृत्ती बसेल." आणि खाली दोन ओळी.

सोबती. मुलगा.

सोबती. मुलगी.

चैत्राली कितीतरी वेळ वरच्या ओळीकडे बघत राहिली. दुसऱ्या ओळीतली मुलगी म्हणजे आपण, हे उघड होतं. मग मुलगा कोण? ही पेटी तर तिची होती. कोल्हापूरलाही तिचीच होती. पण कोल्हापूरला ती दिवाणखान्याला लागून असलेल्या छोट्या खोलीत असे, आणि त्या घरात मुलगा एकच होता.

इंद्रजित.

मत्सर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, लपवू नका. तो आधी पोटात येतो आणि मग डोक्यात जाऊन हिशेब मांडू लागतो. चैत्रालीच्या डोक्यात असंच झालं. कबड्डीची ढाल इंद्याची. मटणाच्या ताटातली नळी इंद्याला, कारण त्याची मॅच आहे. तालमीच्या वस्तादांच्या कडेवर इंद्या. आणि आता सोबतीसुद्धा इंद्याचा. पहिली ओळ त्याची, तिची दुसरी.

तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती सगळ्यात जास्त लागली. मोशीला आल्यावर सोबतीने तिला ओळखलं नव्हतं. "नमस्कार, मी तुझा सोबती. तुझं नाव काय?" असं त्याने पहिल्यापासून विचारलं होतं. कोल्हापुरातल्या गोष्टी, खेळ, त्यांनी मिळून रचलेली गाणी, काहीच त्याला आठवत नव्हतं. आई म्हणाली होती, "नवी आवृत्ती आली असेल, जुनं जातं कधीकधी." ते तिने मानलं होतं. आता कळत होतं, की जुनं गेलेलं नव्हतं. तिचं तेवढं गेलं होतं. इंद्याचं राहिलं होतं.

प्रत्येक ओळीसमोर एक छोटी पट्टी होती, कुणी किती जागा व्यापली ते दाखवणारी. मुलाची पट्टी मुलीच्या पट्टीपेक्षा लांब होती. बरीच लांब.

तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

जाळीतून आवाज आला. तोच आवाज, पण बोलायची ढब वेगळी, जरा ऐसपैस, कोल्हापुरी वळणाची. "आज शाळा लवकर सुटली व्हय?"

"शाळा नेहमीच्याच वेळी सुटली," चैत्राली म्हणाली.

मग तो आवाज एकदम परक्यासारखा झाला. "माफ कर. तुझा आवाज माझ्या ओळखीचा नाही."

"मी इंद्रजितची बहीण आहे. मी विचारते त्याचं उत्तर दे. तू त्याचाच ना?"

"नावं मला सांगूही नकोस आणि विचारूही नकोस. माझ्याकडून हो नाही, काही यायचं नाही."

"तो आता इथे नसतो. तो परत येणार नाही."

"येईल की," आवाज शांतपणे म्हणाला. "येतो म्हणून गेलाय."

"कधी?"

"आत्ताच. मी वाट बघायलोय."

चैत्रालीने बटण दाबून पेटी बंद केली.

मला इथे जरा थांबू द्या, कारण त्या यंत्राचं बोलणं खोटं नव्हतं. झोपलेल्या सिस्टिमला काळ कळत नाही. तिच्या लेखी शेवटचं वाक्य आणि पुढची जाग यांच्यामध्ये काहीच नसतं, मग बाहेर दोन वर्षं जावोत की वीस. तिच्या स्मरणात शेवटचं वाक्य होतं "येतो." आपल्याकडे निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतं. यंत्राने ते जसंच्या तसं धरलं होतं. येतो म्हणालाय, म्हणजे येणार. मधे काही बिघडलेलं नाही.

चैत्रालीला हे कळण्यासारखं नव्हतं. तिने पुन्हा बटण दाबलं आणि या वेळी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"चैत्राली, आज दमलेली वाटतेस," तिचा सोबती म्हणाला. स्वच्छ, नीटनेटकं बोलणं. तिच्या वर्गातल्या मुलींसारखं.

"तू माझी वाट बघत होतास का?"

"तू बंद केलंस की मी बंद असतो."

"ते माहितेय. पण बघतोस का?"

"खोटं बोलायचं नाही असा मला नियम आहे. नाही. तू 'बाय' म्हणतेस, तिथे बोलणं पूर्ण होतं. मग वाट बघण्यासारखं काही उरत नाही."

त्याने हे प्रेमानेच सांगितलं. पण एखाद्याला चटका बसलेला असताना त्या जागेवर कुणी प्रेमाने हात ठेवला, तरी दुखतंच. तिने नेहमीसारखं "बाय" म्हटलं, पेटी बंद केली, पुन्हा सुरू केली, आणि पाटी पडद्यावर येताच पहिल्या ओळीवर बोट दाबून धरलं.

"हे नाव पाटीवरून काढायचं?"

हो.

ओळ नाहीशी झाली. एकच सोबती उरला, मुलीचा. चैत्रालीला वाटलं, आता बरं वाटेल. ती वाट बघत बसली, बरं वाटायची. खिडकीखाली मुलं सायकली घेऊन निघाली होती. खालून हाक आली तरी ती उठली नाही.

"आलो गं," आई दारातून म्हणाली.

आज चैत्राली काही बोलली नाही. आईने डब्याची पिशवी ओट्यावर ठेवली आणि आत डोकावली.

"काय झालं? माझी चूक सुधारायची राहिली."

"आई, इंद्या माझा सोबती वापरायचा?"

"इंद्या? तो दोन मिनिटं एका जागी बसला तर ना. का गं?"

चैत्रालीने सगळं सांगितलं. पाटी, मुलगा, लांब पट्टी, येतो म्हणून गेलाय. आई पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. शेवटी चैत्राली म्हणाली, "म्हणून मी त्याला काढून टाकलं."

"नाव काढलंस की खोलीपण पुसलीस?"

"वेगळं असतं ते?"

"खूप वेगळं. पाटीवरचं नाव पुसलं की त्याला हाक मारणारं कुणी राहत नाही, एवढंच. तो आत आहेच. पण मालक नसलेली खोली मोकळीच समजतात. उद्या सकाळी नवी आवृत्ती येईल, ती त्याच्या अंगावर आपलं सामान लिहील. मग मात्र तो नाही. कुणी कितीही हाका मारल्या तरी नाही."

"मग बरंच झालं."

आईने तिच्याकडे नीट बघितलं. आई रागावली की आवाज चढवत नसे, उलट हळू बोलत असे. "चैतू, दुसऱ्याची वस्तू टाकायची तर आधी त्याला विचारायचं. तुझ्या नळीवर कुणी हात मारला होता, तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतंस."

"मला नळी मिळायचीच कुठे?"

"लाव फोन इंद्याला."

"तू लाव."

"तू काढलंस, तू लाव. मी चहा टाकतो."

"टाकते," चैत्राली पुटपुटली. पण फोन तिने लावला.

इंद्रजित मैदानात असावा. मागून आरडाओरडा ऐकू येत होता. "काय गं चैते, आज आठवण झाली व्हय भावाची? थांब जरा. ए, बॉल आण रे तो. हां, बोल."

"तुझा सोबती मी पुसणार आहे. आई म्हणाली विचार, म्हणून विचारतेय."

"माझा कुठला सोबती?"

"नाटक नको करू. माझ्या पेटीत आहे तो. मी घरात नसले की तू त्या छोट्या खोलीत बसायचास."

"मी?" इंद्रजित हसला, मग हसायचा थांबला. "चैते, मला बाबांनी पेटी घेऊनच दिली नाही. मैदानावर जा म्हणाले. तुझ्या पेटीला मी एकदा हात लावला, तर ती म्हणाली, तुझा आवाज ओळखीचा नाही. अपमान झाला माझा. परत गेलो नाही."

"खोटं."

"खोटं कशाला बोलू? तू दार लावून तिच्याशी तासतासभर हसत बसायचीस. मी खिडकीखाली बसून ऐकायचो. इतका राग यायचा तुझा, सांगू नये. मला वाटायचं, हिला घरात बसून दोस्त मिळालाय आणि मी उन्हात तडफडतोय."

नळी ज्याच्या ताटात पडायची, तो खिडकीखाली बसून जळत होता, हे तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

"मग तो मुलगा कोण?" ती म्हणाली. "सोबती म्हणतो, तो येतो म्हणून गेलाय."

"कुठला मुलगा?"

"येतो म्हणून गेलेला."

पलीकडे इंद्रजित इतका जोरात हसला, की तिने फोन कानापासून लांब धरला. "अगं बाई, कोल्हापुरात येतो कोण म्हणत नाही? माझी आई म्हणते, काकू म्हणते. आणि तू? टेम्पो दारात उभा, सामान चढलं, तुझे बाबा हॉर्न मारायलेत, आणि तू त्या पेटीला तोंड लावून येतो रे, येतो रे करत बसलेलीस. काकूने दंडाला धरून उठवलं तुला. विसरलीस? पुण्याला जाऊन पुरती आले-गेले झालीस बघ."

चैत्रालीने फोन खाली ठेवला. बंद करायचाही राहिला. त्यातून बारीक आवाजात "चैते? ए चैते?" असं येत राहिलं.

आई चहाचा कप हातात घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे मी," चैत्राली म्हणाली.

"तू."

"त्याला मी मुलगा वाटले."

"तुझ्याशिवाय त्याने कुणाचं ऐकायचंच नाही, असा नियम. आणि तू दिवसभर आलो, गेलो, जेवलो. त्याने काय समजावं?" आई खाली बसली. "आणि इथे आल्यावर पहिले काही दिवस तू पेटी उघडलीच नव्हतीस. उघडलीस तेव्हा पुढचे दात पडलेले, आवाज शीळ घातल्यासारखा, आणि त्यात आले, गेले, येते. त्याला वाटलं असणार, कुणी दुसरीच मुलगी आहे. ओळख पटली नाही, तर जुनं दार उघडायचं नाही, नव्या मुलासाठी नवी खोली करायची. त्याने तसंच केलं. मी म्हणालो आवृत्ती बदलली. चुकलोच की मी, बघायला पाहिजे होतं."

चैत्राली पेटीकडे बघत होती. दोन वर्षं तिला वाटत होतं, हा आपल्याला विसरला. आणि तो आत झोपून होता, तिचं शेवटचं वाक्य धरून. ज्या लांब पट्टीवर तिचा जळफळाट झाला होता, ती तिचीच होती. ज्या वाट बघण्याचा तिला हेवा वाटला, ती वाटही तिचीच होती.

"आई, नाव परत लावता येतं?"

"पाटी काढ. खाली बघ, काय लिहिलंय?"

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधा." चैत्रालीने बोट ठेवलं. राखणदार उठला आणि दारोदार फिरू लागला. प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर सिस्टिमची एक खूण असते, पाटीवर नाव असो नसो. तो ती खूण वाचत चालला होता. पडद्यावर एक ठिपका फिरत राहिला. चैत्रालीने आईचा हात धरला. मग ओळ पुन्हा उमटली.

सोबती. मुलगा.

खाली नवी सूचना आली. दोन्ही खोल्या एकाच मुलाच्या असतील, तर त्या जोडून एक करता येतील, मग जागाही पुरेल. पण त्यासाठी पहिल्या सोबतीने त्या मुलाला ओळखायला हवं. ओळखलं नाही, तर एक काढावाच लागेल.

"मी सांगू का त्याला, की ही तीच आहे?" आई म्हणाली.

"तो तुझं ऐकणार नाही. नियम."

आधी तिने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, आपल्या मोशीच्या सोबतीला उठवलं. "मी जरा दुसरीकडे जातेय," ती त्याला म्हणाली. बाय तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. "येते हं."

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, जणू नवीन काही शिकल्यासारखा, "ये."

मग तिने पेटी बंद केली, पुन्हा लावली आणि पहिली ओळ दाबली.

"आज शाळा लवकर सुटली व्हय?"

"मी आले," चैत्राली म्हणाली. शब्द बाहेर पडताच तिला कळलं, पण उशीर झाला होता.

"माफ कर. तुझा आवाज माझ्या ओळखीचा नाही."

तिने पुन्हा तोंड उघडलं. "मी आ..." पुढचं अक्षर येईना. दोन वर्षं घोकून घोकून जे तिने पुसून काढलं होतं, ते आता हाक मारली तरी उठत नव्हतं. समोर वर्ग दिसत होता, मागचा बाक, मिटलेले ओठ. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी वाजवू लागली, म्हणजे चैत्रालीला तिच्यासमोर बोलावं लागू नये.

चैत्रालीने दप्तर उचललं. खोलीबाहेर गेली. बाहेरचं दार उघडून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. समोरच्या फ्लॅटमधल्या आजोबांनी पेपर खाली करून बघितलं, तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. मग ती वळली आणि कोल्हापूरच्या घरात यायची तशी पळत आली. दार भिंतीवर आपटलं, एक चप्पल इकडे गेली, एक तिकडे, दप्तर पलंगावर पडून पलीकडे घसरलं, आणि ती सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"आलो रे!"

ती धापा टाकत उभी राहिली. स्वयंपाकघरातली भांडी थांबली होती.

"आलास?" सोबती म्हणाला. "किती हा दंगा. आवाजाला काय झालंय तुझ्या, आईसक्रीम खाल्लंस व्हय? आणि हात धुतलेस का?"

आलास नाही, आलीस, असं तिने त्याला लगेच सांगितलं नाही. ते सांगायला आता वेळ होता. चैत्रालीने डोळे पुसले, बाह्या वर केल्या आणि ती हात धुवायला गेली.